सवतीच्या घशातली धूळ

माझा नवरा गेली काही वर्षं एका बाईच्या आवाजात बोलतो. पहिल्यांदा ऐकणारा दचकतो, मग तोंड फिरवून हसतो. आम्हाला आता त्याचं काही वाटत नाही.

घशाच्या ऑपरेशनमध्ये यांचा आवाज गेला, तेव्हा लेकीनं आपला जुना लॅपटॉप आणून टेबलावर ठेवला. लिहिलेलं वाचून दाखवणारी एक बाई तिनं त्यात बसवून दिली. यांनी बटणं दाबायची आणि त्या बाईनं बोलायचं. पहिल्याच दिवशी त्या बाईनं मला ठणकावून सांगितलं, "चहा कर." मी म्हटलं, "या वयात सवत आणलीत का हो घरात?" यांचे खांदे गदागदा हलले. हसायला आवाज लागतो, खांदे हलवायला लागत नाही. तेव्हापासून तिचं नाव सवत पडलं.

आवाज जायचाच होता तर दुसऱ्या कुणाचा तरी जायला हवा होता, असं मला फार दिवस वाटत राहिलं. कारण यांची सगळी नोकरी आवाजाची. बसस्थानकावर कर्ण्यातून गाड्यांच्या घोषणा करायचे. आमचं घर स्थानकाच्या मागच्याच गल्लीत. मी खिडकीशी मशीन टाकून शाळेचे गणवेश शिवायची आणि दिवसभर यांचं बोलणं कानावर पडत राहायचं. कुठली गाडी कुठे लागली आहे याच्याशी मला काय करायचं होतं! पण आवाज जरा घोगरा आला की मी संध्याकाळी वाफाऱ्याचं पाणी तापवून ठेवायची. घरी आल्यावर हे विचारायचे, "तुला कसं कळलं?" मी म्हणायची, "अख्ख्या गावाला कळलंय, मला नाही कळणार?"

तर ती सवत. तिच्याशी माझं चांगलं जमलं. एक तर ती माझ्यावर कधी चढ्या आवाजात बोलली नाही, कारण तिला चढा आवाज नव्हताच. हे रागानं बटणं बडवायचे आणि ती आपली शांतपणे म्हणायची, "माझा चष्मा कुणी हलवला." असं भांडण किती वेळ टिकणार?

कागदावर लिहायचं म्हटलं तर यांचा हात थरथरतो. कावळ्याचे पाय म्हणावेत तर कावळ्यालाही राग येईल. जुन्या लॅपटॉपची बटणं मात्र जाड आणि खोल. बोट नेमकं ठेवून नीट दाबलं तरच अक्षर उमटायचं. लेकीनं पुढे एक नवा लॅपटॉप पाठवला, चांगला पाटीसारखा सपाट. त्यावर यांचं बोट नुसतं टेकलं तरी चार अक्षरं पळत सुटायची. तो पुन्हा खोक्यात जाऊन बसला.

यंदा सवतीची तब्येत बिघडली. आतला पंखा घरघरायला लागला. अंग इतकं तापायचं की खाली ओल्या फडक्याची घडी ठेवावीशी वाटे. त्यात 'म'चं बटण अडकायला लागलं. "मला पाणी दे" लिहिलं की "ममममम" असं सुरू व्हायचं, दाराशी गाय आल्यासारखं. एवढं हसून घेतलं आम्ही. पण मग ती बोलता बोलता बंद पडायला लागली. "अगं, आज सकाळी मी..." आणि पडदा काळा. हे त्या काळ्या पडद्याकडे बघत बसायचे. तेव्हाचा यांचा चेहरा मला बघवत नसे.

मी तिला दुरुस्तीच्या दुकानात घेऊन गेले. दुकानदार भला माणूस होता. म्हणाला, "आत कचरा झालाय, आजी. साफ करून देतो, पण खूप काम पडलंय. आठवडाभर ठेवावा लागेल."

मी लॅपटॉप पुन्हा पिशवीत घातला. नवऱ्याचा आवाज आठवडाभर दुकानात ठेवून मी घरी काय करू?

लेकीला फोन केला.

"आई, तू हात लावू नकोस हं त्याला! नवा दिलाय ना मी?"

"नवा देखणा आहे गं. पण बाबांशी त्याचं जमत नाही."

"मग ठेव दुकानात. आठवड्याचा तर प्रश्न आहे."

"तू राहशील आठवडाभर न बोलता? शाळेत तोंडावर बोट ठेवून बसवलं की घरी येऊन त्याचीसुद्धा भरपाई करायचीस."

ती हसली. माझ्या आवाजावरून तिनं ओळखलं, की मी ठरवूनच फोन केला आहे. मग भराभर सांगायला लागली. आधी बॅटरी काढ. स्क्रू लहानमोठे असतात, ते मिसळू नकोस. तांब्याची नळी दिसेल, तिला अजिबात हात लावू नकोस. बटणांच्या फळीखाली कागदासारखी एक पट्टी असते, ती ओढू नकोस. "आणि आई, ती पट्टी तुटली तर संपलंच बरं का. तो भाग आता मिळत नाही."

हे समोरच बसले होते. फोनमधलं सगळं यांना ऐकू गेलं होतं. मी विचारलं, "उघडू?" यांनी सवतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि दोन्ही हातांनी लॅपटॉप उचलून माझ्यापुढे सरकवला. जन्मभर मी शिलाईमशीन स्वतः उघडून साफ केलं, तेल दिलं, हे यांनी पाहिलेलं. पण शिलाईमशीन बिघडलं तर एखादा गणवेश उशिरा जाईल. इथे यांचं तोंड माझ्या हातात होतं.

दुपारचं ऊन टेबलावर येत होतं. मी जुनी पांढरी चादर अंथरली. बॅटरी काढून बाजूला ठेवली. चष्म्याच्या दांड्या आवळायचा बारीक स्क्रू ड्रायव्हर घेतला. स्क्रू ठेवायला यांचा गोळ्यांचा डबा रिकामा केला. त्याला वारांचे सात कप्पे आहेत. सगळ्यात लांब स्क्रू सोमवारी, त्याहून आखूड मंगळवारी, असे ते मांडत गेले. यांनी डब्याकडे बोट दाखवून स्क्रू तोंडात टाकल्याचा अभिनय केला.

"गिळू नका," मी म्हटलं, "तुमचा एक पार्ट आधीच गेलाय, आता हिचा नको."

बटणांची फळी हलक्या हातानं वर उचलली. खाली ती पट्टी होती, चपटी आणि नाजूक. तिच्यावर एक इवलीशी खिट्टी. ती नखानं उभी केली, तशी पट्टी आपोआप सुटून आली. श्वास रोखून धरला होता, तो सोडला.

'म'चं बटण काढलं तर खाली खोकल्याचं औषध वाळून गोंद झालेलं. स्पिरिटचा बोळा फिरवून ते काढलं. बाकीच्या फटींतून बिस्किटांचा चुरा, एक पांढरा केस, माझी हरवलेली टाचणी. मग पंख्यापाशी पोचले. एका बोटानं पातं धरून ठेवलं, म्हणजे ते गरगर फिरणार नाही, आणि मशीनमधली कापडाची लव झाडायच्या ब्रशनं झाडायला लागले. पंख्याच्या तोंडाशी जाळी होती, ती दिसतच नव्हती. तिच्यावर धुळीचा जाड, लोकरीसारखा नमदा बसला होता. चिमट्यानं धरून ओढला तर अख्खा निघून आला, एखाद्या टोपीच्या अस्तरासारखा.

मी तो उन्हात धरला आणि बघतच राहिले. ती नुसती राखाडी धूळ नव्हती. तिच्यात थर होते. वरती निळा, परवा मी शेजारणीच्या पडद्यांना दुमड घातली तो. त्याखाली बारीक लाल. त्याच्याही खाली मऊ पिवळा, नातीच्या जन्माच्या वेळी दुपटी शिवली होती तेव्हाचा. आम्ही दोघं एकाच टेबलावर बसतो. एका टोकाला माझं मशीन, दुसऱ्या टोकाला हे आणि सवत. मी कापत होते, शिवत होते, आणि ती बिचारी माझ्या कापडांची लव घशात ओढत यांचं बोलणं मला सांगत होती.

"बघा," मी नमदा यांच्या तळहातावर ठेवला. यांनी पिवळ्या थरावर बोट टेकवलं आणि हातांचा पाळणा करून हलवला. दोघांच्याही लक्षात होतं तर.

मग जोडायला घेतलं. फळी माझ्याकडे तिरकी धरून पट्टी तिच्या जागी सरकवली आणि फळी खाली बसवायला लागले, तेवढ्यात यांनी टेबलावर टकटक केली. मी वर पाहिलं नाही. पुन्हा टकटक, जरा जोरात.

"अहो, कळलं! चहाची वेळ झाली. माणसानं हातातलं काम तरी संपवू द्यावं!"

यांनी मान हलवली, हातवारे केले. मी स्क्रू ड्रायव्हर आपटला आणि जाऊन चहा करून आणला. कप यांच्यापुढे ठेवला. यांनी कपाकडे पाहिलं, छताकडे पाहिलं, आणि हे मुकाट्यानं चहा प्यायला लागले.

मी वारांप्रमाणे स्क्रू आवळले. बॅटरी लावली, बटण दाबलं. पडदा उजळला. पंखा फिरत होता, पण कान लावल्याशिवाय कळत नव्हतं. मी लॅपटॉप यांच्यापुढे सरकवला.

"बोला!"

यांनी बटण दाबलं. काही नाही. दुसरं दाबलं, तिसरं दाबलं. सवत गप्प. पडद्यावर एक अक्षर उमटेना.

लेकीचे शब्द कानात वाजायला लागले, तुटली तर संपलंच. आठवडाभर धीर धरवला नाही मला, आणि आता हे कायमचे गप्प झाले. मी खुर्चीत बसले. "मी मोडला हो," म्हटलं, "मी तुमचा आवाज मोडला."

यांनी माझा हात धरला. थरथरतच, पण घट्ट. लॅपटॉप पालथा घातला आणि स्क्रू ड्रायव्हर माझ्या बोटांत दिला.

मी बॅटरी काढून पुन्हा उघडलं. फळी उचलल्याबरोबर यांनी पट्टीच्या वर बोट धरलं. बोट हलत होतं, पण नेमकं तिथेच हलत होतं. पट्टी धड होती. ती इवलीशी खिट्टी मात्र अजून उभीच होती. मी ती पाडलीच नव्हती. फळी माझ्याकडे तिरकी, म्हणून ती माझ्या नजरेआड होती आणि समोरून यांना लख्ख दिसत होती. आणि सांगणार कसं? यांचा आवाज तर माझ्यापुढे टेबलावर पसरलेला!

नखानं खिट्टी दाबली. बारीकसा टक आवाज झाला. स्क्रू तसेच राहू दिले, नुसती बॅटरी लावून बटण दाबलं.

यांनी एकेक अक्षर दाबायला घेतलं. 'म'सुद्धा न अडकता खाली जाऊन वर आला. मग सवतीनं शांतपणे सांगितलं,

"मी चहा मागितला नव्हता."

माझा जीव भांड्यात पडला. हसू की रडू ते कळेना, दोन्ही झालं.

"खिट्टी दाखवत होतो," सवत म्हणाली. जरा थांबून पुढे म्हणाली, "चहा मात्र झकास होता."

उन्हात त्या जुन्या, कडा झिजलेल्या लॅपटॉपकडे बघताना मला वाटलं, किती माणसांचे उपकार आहेत आपल्यावर. आवाज गेला तरी माणूस ठेवला त्या डॉक्टरांचे, लेकीचे, आणि जिचं तोंडही कधी पाहिलं नाही त्या बाईचेसुद्धा. तिचा आवाज उसना घेऊन माझा नवरा अजून मला टोमणे मारतो, याहून जास्त काय मागायचं?

स्क्रू आवळून झाले. चादर झटकली. मग मी माझं मशीन उचलायला लागले.

"कुठे चाललीस?" सवतीनं विचारलं.

"आतल्या खोलीत. इथे शिवत बसले तर हिचा घसा पुन्हा भरेल."

यांनी लिहायला घेतलं. मी मशीनवर हात ठेवून उभी राहिले. पंख्याचा आवाज नव्हता, नुसती बटणं ऐकू येत होती, एकामागून एक.

"इथेच बस," सवत म्हणाली. "भरला की पुन्हा उघडशील."

मी बसले. सुईत दोरा ओवला. डोळे भरून आले होते, त्यामुळे जरा वेळ लागला. यांनी तेवढ्यात आणखी काहीतरी लिहिलं.

"आता मात्र चहा कर."