कालवडी माझ्या, गोऱ्हे त्यांचे

"ये गं तांबेऽऽ, ये गं चांदेऽऽ, पाणी चढलं, घरा चलाऽऽ!"

हा माझ्या बापाचा आवाज. खाडीकाठच्या दलदलीत, कमरेएवढ्या गवतात उभा राहून तो दिवस कलताना अशी साद घालायचा आणि भरतीच्या आधी एकेक गाय डोकं वर काढून वाटेला लागायची. मी सात वर्षांची असताना तो हिवतापानं गेला. आमच्या मेरिलँडच्या पूर्व किनाऱ्यावर हिवताप दर उन्हाळ्यात पाहुण्यासारखा येतो आणि जाताना घरातलं कुणीतरी सोबत नेतो. इथे पोरक्या पोरांचं कुणाला नवल नाही; बाप गेला की, आई असली तरी, पोर पोरकंच धरतात. इतकी पोरं पोरकी होतात की वर्षातून एकदा निव्वळ त्यांच्यासाठी कोर्ट भरतं.

बाप माझ्या नावानं दोन गाई आणि खाडीच्या तोंडाशी जमिनीचा एक तुकडा ठेवून गेला. वर्ष उलटलं तशी आईनं ॲम्ब्रोज केलशी लग्न केलं. ते तंबाखूची पिंपं बांधायचे. हातात सदा रंधा आणि तोंडाला सदा कुलूप. कोर्टानं त्यांनाच माझे पालक नेमलं, शेजारचे दोघे जामीन घेतले आणि बजावलं की पोरीचं आहे ते पोरीचंच राहिलं पाहिजे. गाईंच्या बदल्यात गाईच परत करायच्या, त्यांची किंमत चालणार नाही. त्यांच्या पोटी कालवड आली तर ती माझी. गोऱ्हा आला तर चाऱ्यापाण्याच्या बदल्यात तो त्यांचा. आमच्याकडे गाय व्यायला लागली की शेजारीण दारातूनच विचारी, "काय झालं गं, डॅमरिसचं की ॲम्ब्रोजचं?"

मी त्यांना बाबा कधी म्हटलं नाही. 'अहो, जेवायला चला', 'अहो, आई बोलावतेय', असं 'अहो'वरच इतकी वर्षं भागवलं. त्यांनीही कधी हट्ट धरला नाही. संध्याकाळी पिंपाच्या फळीवर कोळशानं अक्षरं काढून त्यांनी मला वाचायला शिकवलं. मुलीला वाचता आलं पाहिजे असं कोर्टानं सांगितलं होतं म्हणून शिकवलं, असं मी तेव्हा धरून चालले होते.

आमच्याकडे कुंपण पिकाला घालतात, गुरांना नाही. गुरं रानात, दलदलीत मोकळी चरतात, म्हणून प्रत्येक घराची कानावरची खूण वेगळी, आणि ती कोर्टात नोंदलेली. माझ्या बापाची खूण म्हणजे उजव्या कानाच्या टोकाला पाकोळीच्या शेपटीसारखी खाच, डावा कान साबूत. ॲम्ब्रोज केलची खूण म्हणजे दोन्ही कानांची टोकं सरळ उडवलेली. दुसऱ्याची खूण बदलणं ही आमच्याकडे चोरीहून वाईट चोरी. ती करणाऱ्याला कोर्टाच्या दारातल्या खांबाशी बांधून फटके मारतात.

चौदा पूर्ण झाली की पोरक्या पोराला कोर्टासमोर उभं राहून आपला पालक आपणच निवडता येतो. त्या उन्हाळ्यात मी चौदाची झाले आणि माझं चित्त उडालं. चरवी भरून वाहायची तरी मी पिळतच राहायची. उभी राहिले की बसावंसं वाटे, बसले की उठावंसं. खाडीचं पाणी कसं, भरती नाही नि ओहोटी नाही अशा घडीला जागच्या जागी हलत राहतं, तशी मी झाले होते.

त्यातच होझियाकाका येऊ लागले. बापाचे थोरले भाऊ, खाडीपलीकडे राहायचे. होडी लागायच्या आधीच त्यांचा आवाज लागायचा.

"काय राणीसरकार! कुठं आहे आमची लेक? ही घे साखरेची ढेप, आईला देऊ नकोस, एकटी खा."

"एकटी खाल्ली तर पोट दुखेल, काका."

"दुखू दे. स्वतःच्या साखरेनं दुखलेलं पोट बरं." मग आवाज खाली यायचा. "तुझ्या कालवडी मोजल्यास का कधी? मोज. तो पिंपवाला गप्प का असतो, कधी विचार केलायस? ज्याच्या पिंपात काही दडवलेलं असतं तो झाकण घट्ट बसवतो. माझ्याकडे ये. खिडकीतून पाणी दिसेल अशी खोली देतो तुला."

"आणि गोऱ्हे कुणाचे?" मी विचारलं.

काका मोठ्यानं हसले. "अगदी बापावर गेलीस! जो चारा घालील त्याचे, दुसऱ्या कुणाचे?"

मी हसले, पण किडा डोक्यात शिरला तो शिरलाच. त्या दिवसापासून घरात जो तो माझ्यापासून काहीतरी लपवतोय असं वाटायला लागलं. आई धाकट्या मर्सीला मांडीवर घेऊन मक्याच्या कण्या ढवळायची आणि ढवळता ढवळता हात थांबवून बघत बसायची. मर्सी सावत्र बापाची, माझी अर्धी बहीण, जेमतेम पावलं टाकायला लागलेली. मी विचारायची, "काय गं आई?" ती म्हणायची, "काही नाही. लागलं का बघतेय." बुडाला तर केव्हाच लागलेलं असायचं.

कोर्टाच्या आदल्या आठवड्यात दोन माणसं गुरं पाहायला आली. कोर्टच धाडतं, दोन शहाणे शेजारी. काका न बोलावता त्यांच्यासोबत. सकाळभर हाकाटी करून गुरं वाड्यात आणली. डासांनी माणसं फोडून काढली होती, गुरांनी शेपट्यांनी झोडून काढली होती. माझ्या दोन गाई म्हाताऱ्या झालेल्या, त्यांच्या लेकी, लेकींच्या लेकी. माणसं कान धरून पाहत होती, मान हलवत होती. मग काका एका तांबड्या कालवडीपाशी थांबले.

"ही तांबीच्या वंशातली. कपाळावरचा पांढरा पट्टा बघा, आमच्या गिडियनच्या, हिच्या बापाच्या गोठ्यातला आहे तो, मी झोपेत ओळखीन. आणि कान कुणाचा? ॲम्ब्रोज केलचा!"

एकानं कालवडीचं डोकं काखेत धरलं. दोन्ही कान टोकाला सरळ कापलेले. पण उजवा डाव्यापेक्षा बोटभर आखूड होता. बापाची खाच पुसायची तर कान तिच्या खालून उडवावा लागतो. दुसरी एक कालवडही तशीच निघाली.

"ॲम्ब्रोज," त्यातला वयस्क माणूस म्हणाला, "काय आहे हे?"

ते कुंपणाला टेकून उभे होते. बराच वेळ त्यांनी त्या आखूड कानाकडे पाहिलं, मग घराकडे, मग हाताकडे.

"माझ्या वाड्यातली गुरं आहेत," ते म्हणाले. "जाब मीच देईन."

"जाब नको, उत्तर दे!" काका ओरडले.

त्यांनी पुन्हा घराकडे पाहिलं. दारात आई उभी होती, मर्सी कडेवर. मर्सी हात वर करून गुरांना बोलावत होती.

त्या आठवड्यात आमच्या घरी कुणी कुणाशी धड बोललं नाही. मी सगळ्यांवर चिडत होते. ताटली आपटत होते, दार आपटत होते. ॲम्ब्रोज रंधा मारत राहिले. त्या आवाजानं माझ्या दातांना कळ यायची. मला ते चोर हवे होते, म्हणजे निवडणं सोपं झालं असतं. आणि मला ते चोर नको होते. दोन्ही एकाच वेळी हवंनको असलं की माणूस जेवत नाही. मी जेवत नव्हते.

कोर्टाच्या दिवशी सकाळी आम्ही होडीतून निघालो. आई मर्सीला शालीत गुंडाळून टोकाला बसली होती, पाठमोरी. मी वल्ह्यापाशी ॲम्ब्रोजच्या समोर.

"अहो," मी हळूच म्हटलं. "तुम्ही कापले का?"

वल्हं थांबलं नाही. "पोरी, तिथं तुला विचारतील कुणाकडे राहायचं. तुझ्या मनाला येईल ते नाव घे. मी रागावणार नाही."

"मी हे विचारलं नाही."

"मला माहीत आहे तू काय विचारलंस."

"मग सांगा ना! नाही म्हणा. एकदा नुसतं नाही म्हणा."

त्यांनी माझ्या डोक्यावरून होडीच्या टोकाकडे पाहिलं. आईच्या पाठीकडे. "वारं फिरलंय," ते म्हणाले. "नीट धरून बस जरा."

आमचं कोर्ट एका खानावळीच्या मोठ्या खोलीत भरायचं. न्यायाला बसणारेही आमच्यासारखेच तंबाखू लावणारे, फक्त जास्त जमिनीवर. मधल्या खुर्चीतल्या साहेबांचा पाय सुजलेला, स्टुलावर ठेवलेला. खोलीत ओल्या लोकरीचा आणि सफरचंदाच्या दारूचा वास. काका पुढच्या बाकावर, माझ्यासाठी जागा धरून.

आमच्या आधी एका चार वर्षांच्या मुलीचा पुकारा झाला. आईबाप त्याच उन्हाळ्यात गेलेले. मागे काही नव्हतं, ना गाय, ना जमीन. होतं ते देणेकऱ्यांनी नेलेलं.

"हिचं काय उरलंय?" साहेबांनी विचारलं.

"अंगावरचा झगा," लेखनिक म्हणाला. कुणीतरी हसलं.

"मग कामाला बांधून द्यावी लागेल. कोण घेतं?"

एक माणूस उठला. कातडी कमावणारा. सोळाची होईपर्यंत खायला-ल्यायला घालीन, सूतकाम शिकवीन, म्हणाला. साहेबांनी होकार दिला. माणसानं मुलीचं मनगट धरलं, ती काही रडली नाही, त्याच्या बुटांकडे पाहत त्याच्यामागून गेली. आमचं कोर्ट वाईट नव्हतं. ज्याचं काही असेल त्याचं ते डोळ्यांत तेल घालून राखायचं. ज्याचं काही नसे त्याचं राखायला मग उरायचंच काय?

माझ्या शेजारी आईचा श्वास वेगळाच लागला होता. मर्सीला तिनं इतकं आवळलं की ती कुरकुरली.

"डॅमरिस हॅडन!"

मी उठले. पुढे जाऊन उभी राहिले. गुरं पाहणाऱ्या दोघांनी शपथेवर कानांचं सांगितलं. साहेबांनी ॲम्ब्रोजना पुढे बोलावलं.

"केल, गेली कित्येक वर्षं माझी पिंपं तू बांधतोस. एकही गळलं नाही. तेव्हा सरळ विचारतो. या पोरीच्या कालवडींवर तुझी खूण कशी आली?"

"सुरी माझ्या घरातली आहे, साहेब. दोन कालवडी मी माझ्या गुरांतून भरून देतो. चांगल्या बघून."

"भरून तर द्याव्याच लागतील. पण कापले कुणी? खूण बदलण्याला फटके आहेत, हे तुला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे."

"मग?"

त्यांनी मर्सीकडे पाहिलं.

"बघा!" काका उठले. "सहा वर्षं माझ्या भावाच्या लेकीला असल्या मुक्या माणसाच्या ताब्यात..."

"होझिया, तू बस. तुला विचारलं की उठ." साहेबांनी पाय सरकवला, चेहरा वाकडा केला आणि माझ्याकडे वळले. "किती वर्षांची झालीस?"

"चौदा."

"तर कायद्यानं आता तू निवडायचंस. या माणसाचं जे व्हायचं ते नंतर होईल. तू कुणाकडे राहणार? घाबरू नकोस. नाव घे."

काकांनी मान डोलावली, हसले. ॲम्ब्रोज माझ्याकडे पाहतच नव्हते. मी त्यांचं नाव घेतलं असतं तर खूण बदलणाऱ्याला स्वतःहून गुरं दिल्यासारखं झालं असतं, आणि सगळा जिल्हा मला हसला असता. काकांचं घेतलं असतं तर त्या खांबाशी ॲम्ब्रोजना मीच उभं केल्यासारखं झालं असतं. मी तोंड उघडलं. 'हो' हा काकांच्या नावाचा पहिला आवाज ओठांवर आला होता.

"थांब."

आई उठली होती. तिनं मर्सीला ॲम्ब्रोजच्या हातात दिलं. ते नको म्हणत होते, तोंडानं नाही, डोळ्यांनी, मानेनं, पण मूल हातात आल्यावर हात मोकळे राहिले नाहीत. आई पुढे आली आणि साहेबांकडे न बघता माझ्यासमोर उभी राहिली.

"ज्युडिथ केल, तुम्हांला विचारलेलं नाही," लेखनिक म्हणाला.

"म्हणूनच सांगतेय," आई म्हणाली. तिचा आवाज चुलीपाशी असायचा तसाच होता. "डॅमरिस, कान मी कापले. ॲम्ब्रोज पिंपं घेऊन धक्क्यावर गेला होता, तेव्हा. तो आला, त्यानं पाहिलं, आणि एक शब्द बोलला नाही. तो पण उद्या हिवतापानं जाईल, मी पण जाईन. तुझ्यामागे कोर्ट आहे, जामीन आहेत, बापाच्या गाई आहेत. आत्ता त्या पोरीला नेलं ना मनगट धरून, तसं मर्सीला नेतील. माझ्याकडे माझं असं तिला द्यायला काही नव्हतं गं. त्या दोघी ॲम्ब्रोजच्या खुणेत आल्या की मर्सीच्या झाल्या असत्या. तुझंच होतं, ते मी चोरलं."