पाय दाखव

पोहण्याच्या तलावावर सकाळी सहाला मुलांची रांग लागायची आणि रांगेच्या तोंडाशी मास्तर उभे असायचे. "पाय दाखव," म्हणायचे. पोरगं एका पायावर डुगडुगत दुसरा वर करायचं. बोटांच्या बेचक्यात पांढरं काही, नखावर पिवळी झाक, असं काही दिसलं की मास्तरांचा निकाल एका शब्दाचा, "घरी!" आणि वर, "डॉक्टरांची चिठ्ठी आण, मग पाणी." ओल्या फरशीवर एकाचं शंभर जणांना होतं, असं त्यांनी स्वतःच्या हातानं पाटीवर रंगवलं होतं. पोरं मागून त्यांना पायपोलीस म्हणायची. मास्तरांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

यंदा ऊन तापू लागलं आणि हे पायपोलीस बुटात दिसू लागले. वीस वर्षं त्या फरशीवर अनवाणी हिंडलेला माणूस काळे रबरी बूट चढवून शिट्टी वाजवू लागला. कुणी विचारलंच तर म्हणायचे, "फरशी तापते." सकाळी सहाला फरशी कशी तापते, हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

खरी भानगड उजव्या अंगठ्याची होती. एके दिवशी मोजा काढताना त्याचा धागा नखात अडकला. बघतात तर नख पिवळं, जाड, कडेनं भुगा होत चाललेलं. दुसऱ्याच्या पायावर त्यांनी ते दहा हातांवरून ओळखलं असतं. स्वतःच्या पायावर मात्र "मार लागला असेल" म्हणत त्यांनी आठ दिवस काढले. मग बूट आले. बुटात पाय शिजायचे, मोजे पिळता येतील इतके भिजायचे आणि नख आणखी बिघडायचं.

"अहो, एवढ्या उकाड्यात घरातही मोजे?" बायको म्हणाली. "पायांना थंडी वाजते की काय?"

"असू दे गं," म्हणून ते उठले आणि आपलं नेलकटर वेगळ्या डबीत लपवून आले.

शेवटी ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून शहराच्या पार दुसऱ्या टोकाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. बाईंनी नखाचा तुकडा कापून घेतला.

"बुरशीच वाटते. तपासून खात्री करू. दिवसभर पायात काय असतं?"

"बूट. रबरी."

"म्हणजे ऊब आणि ओल, दोन्हींची सोय! तुम्ही तिला लाडानं वाढवताय की. आधी ते बूट सोडा. पाय धुतले की बोटांच्या मधेसुद्धा कोरडे करा. मोजे सुती, भिजले की बदलायचे. घरात उघडी चप्पल. टॉवेल, नेलकटर वेगळं. गोळ्या द्यायच्या झाल्या तर आधी रक्त तपासू. आणि धीर धरा, अंगठ्याचं नवं नख यायला वर्ष, दीड वर्षही लागतं."

वर्ष! मास्तरांच्या डोळ्यांपुढे आपली पाटी उभी राहिली. स्वतःच्याच नियमानं सबंध मोसम घरी बसायचं?

"सगळे वावरतात त्या ओल्या फरशीवर अनवाणी जाऊ नका," बाई म्हणाल्या. "काम काय करता?"

"टेबलावरचं," मास्तरांनी थाप मारली.

तपासणीत बुरशीच निघाली. औषध सुरू झालं, बूट मात्र सुटले नाहीत. आणि आता मास्तरांना भलताच घोर लागला. नख दिसायच्या आधी आपण किती दिवस त्या फरशीवर अनवाणी फिरलो? कुणाकुणाला दिलं? रांगेतला प्रत्येक पाय ते दोनदा बघू लागले. चिखलाचा डाग दिसला तरी पाणी ओतून पुन्हा बघायचे.

अशात बेडकीची पाळी आली. दहा वर्षांची पोर, पाय मारायची ते थेट बेडकासारखे, म्हणून मास्तरांनीच ठेवलेलं नाव. तिच्या अंगठ्याचं नख काळं पडलं होतं.

हे माझंच, मास्तरांना वाटलं.

"घरी!"

"सर, दारात चेंगरलं होतं. खरंच! शनिवारी खोल पाण्याची परीक्षा आहे ना..."

"चिठ्ठी आण म्हटलं ना! पुढचा."

ती रडत गेली. शनिवारी परीक्षा झाली तेव्हा मास्तरांना रांगेत तिची जागा सारखी दिसत राहिली. सोमवारी ती आली, मुकाट्यानं चिठ्ठी पुढे केली. 'मार लागून रक्त साकळलं आहे. संसर्ग नाही.' मास्तरांनी ते दोनदा वाचलं. आधी सुटकेचा श्वास टाकला आणि पाठोपाठ इतकी लाज वाटली की त्यांना मान वर करवेना. जिच्या पायाला काही नाही ती घरी बसली होती, आणि ज्याच्या पायाला आहे तो बुटात लपून तिला हाकलत होता.

ते खुर्चीवर बसले. बूट काढले, मोजे काढले. मास्तरांनी उजवा पाय पुढे केला.

"बघ," ते बेडकीला म्हणाले. "नीट बघ."

ती वाकली. बराच वेळ बघत राहिली.

"सर, ही बुरशी आहे?"

"हो."

"मग..." तिनं पाटीकडे पाहिलं, मास्तरांकडे पाहिलं. तिचा आवाज अगदी लहान झाला. "घरी?"

"असं नाही. मोठ्यानं."

"घरी!"

मास्तरांनी गळ्यातली शिट्टी काढून दुसऱ्या तुकडीच्या मॅडमच्या हातात दिली. "हिची परीक्षा आजच घ्या," म्हणाले. पिशवीतली चप्पल पायात सरकवली आणि फाटकाकडे निघाले. कितीतरी दिवसांनी पायांना वारा लागत होता. पुढे काय होणार, परत घेतील की नाही, काही ठाऊक नव्हतं, आणि भीती तर होतीच.

फाटकाशी पोहोचले तोच मागून बेडकी बेंबीच्या देठापासून ओरडली, "सर! चिठ्ठी आणा हं, मग पाणी!"