खोकल्याची खूण

आमच्या ह्यांना एक साधा प्रश्न विचारा, उत्तर नक्की मिळेल. फक्त मधे जेवणाची सुट्टी घ्यावी लागेल. मला त्याचं कधी काही वाटलं नाही. मी दातांच्या डॉक्टरांकडे स्वागतकक्षात बसते. तिथे दिवसभर माणसं तोंड उघडून असतात, पण बोलता कुणालाच येत नाही. घरी आल्यावर कुणीतरी भरभरून बोलतंय याचं बरंच वाटायचं.

पण ह्यांच्या औषधकंपनीने इथली शाखा बंद केली, गोदामप्रमुख असलेला माझा नवरा पुन्हा मुलाखती देत फिरू लागला, आणि हे बोलणं आमच्या मुळावर आलं. एका ठिकाणी साहेबांनी आधीची नोकरी का सोडली एवढंच विचारलं. ह्यांनी कंपनी कशी सुरू झाली इथून आरंभ केला. साहेब फोन घ्यायला बाहेर गेले, परत आले, तरी शाखा बंद व्हायची होती.

तिकडे परदेशातल्या मोठ्या भाऊजींनी स्वतःच्या गोदामात ह्यांच्यासाठी जागा धरून ठेवली होती. रविवारपर्यंत हो-नाही कळव, नाहीतर दुसरा माणूस घेतो, असा त्यांचा निरोप. पगार चांगला होता, पण करार तीन वर्षांचा आणि जायचं एकट्याने. आमची लेक शाळेच्या शेवटच्या वर्षात. बाप परत येईल तेव्हा ती कुठल्या गावी शिकत असेल कोण जाणे. हे वरवर ‘बघू’ म्हणायचे, मी वरवर भांडी घासायचे, आणि कॅलेंडरमधल्या रविवारकडे बघायचं दोघंही टाळायचो.

हातात एकच मुलाखत उरली होती. लसी आणि औषधं साठवणाऱ्या एका शीतगृहाची, शुक्रवारी.

माझी नणंद एका मोठ्या कंपनीत माणसं भरती करण्याचं काम करते. शेवटी तिला शरण गेलो. ह्यांचा बायोडेटा पाच पानी होता आणि शाळेतल्या धावण्याच्या शर्यतीपासून सुरू होत होता. तिने तो वाचून फोन केला आणि म्हणाली, “दादा, नोकरी मागतोयस की आत्मचरित्र छापतोयस?” मग तिने एकेक करून सगळं सोलून काढलं. दोन पानं पुरेत. शेवटची नोकरी सगळ्यात वर. ‘गोदामाची जबाबदारी सांभाळली’ असलं काही नको, ती सगळेच सांभाळतात. तू आल्यावर तिथे काय बदललं ते लिही. तेव्हा कुठे मुदत संपून फेकावी लागणारी औषधं ह्यांनी निम्म्यावर आणल्याचं पहिल्या पानावर आलं. एवढी मोठी गोष्ट आधी चौथ्या पानावर, छंदांच्या खाली दडून बसली होती. मी कपाळावर हात मारून घेतला.

मुलाखतीबद्दलही तिने बजावलं. उत्तरं थोडक्यात दे. आणि शेवटी ‘तुम्हाला काही विचारायचंय का’ असं म्हणाले, तर नाही म्हणून उठू नकोस. कामाबद्दल खरंखुरं काहीतरी विचार.

विचारायचं जमण्यासारखं होतं. थोडक्यात जमेना. लेक साहेब होऊन टेबलापलीकडे बसायची, मी बाजूला. मधेच थांबवलं की हे चिडायचे, आणि हाताने खूण केली तर बोलण्याच्या भरात ती दिसायचीच नाही. मग मी खोकायचं ठरवलं. मी खोकले की मुद्दा संपवायचा. दोन-तीन दिवसांत हे असे तयार झाले, की शेजारच्या आजोबांना ठसका लागला तरी जिन्यात गप्प व्हायचे. आम्ही मायलेकी पोट धरून हसलो. तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

शुक्रवारी हे घरी आले ते बूटही न काढता खुर्चीत बसले. काय झालं विचारलं तर म्हणाले, “गेली.” ह्यांच्या तोंडून एका शब्दाचं उत्तर. माझ्या तोंडचं पाणीच पळालं.

खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं. समोर तिघं होते. मधल्या बाई शीतगृहाच्या प्रमुख; त्या थंडीत सारखं आत-बाहेर करून त्यांना जबर खोकला झालेला. नोकरी का सोडली विचारल्यावर हे म्हणाले, “शाखा बंद झाली,” आणि बाई खोकल्या. संपलं उत्तर. वीज गेली तर काय कराल? आधी सगळी दारं बंद करेन, म्हणेपर्यंत पुन्हा खोकला. पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघता, यावर तर ‘इथेच’ एवढंच बाहेर पडलं. खोकला खरा आहे हे ह्यांना समजत होतं, पण तोंड ऐकेना. शेवटी बाईंनी काही विचारायचंय का म्हटल्यावर ह्यांनी विचारलं, की सध्या तुम्हाला सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतोय. त्यावर बाईच कितीतरी वेळ बोलल्या. ह्यांनी फक्त मान हलवली, आणि मधे एकदा त्यांच्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवला.

मला स्वतःचा असा राग आला की सांगता सोय नाही. ज्या माणसाला बोलण्याखेरीज कसली हौस नाही, त्याच्या तोंडाला मीच कुलूप घातलं होतं.

शनिवारी संध्याकाळी हे भाऊजींना फोनवर निरोप लिहायला बसले. ‘येतो’ एवढंच लिहायचं होतं, पण त्यालाही बराच वेळ लागत होता. माझे हात कणकेत होते. तेवढ्यात ह्यांचा फोन वाजला. आवाज मोठा ठेवून त्यांनी तो टेबलावर ठेवला आणि नमस्कार म्हणायला तोंड उघडलं. पलीकडून आधी खोकला आला. हे जागच्या जागी गप्प.

“ऐकताय ना?” बाई म्हणाल्या. “सगळे उत्तरं पाठ करून येतात हो. मी काय सांगतेय ते तुम्ही ऐकून घेतलंत. सोमवारपासून याल?”

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी कणकेच्या हातांनीच बोला, बोला अशी खूण केली.

“येतो,” हे म्हणाले.

भाऊजींसाठी लिहिलेला तोच शब्द ह्यांनी फोनवरून पुसला आणि त्यांना ‘नाही जमणार, इथेच मिळाली’ असं कळवलं. लेक आतून धावत आली आणि बापाच्या गळ्यात पडली. माझा जीव भांड्यात पडला. तोंड लपवायला मी कणकेकडे वळले, पण डोळे थांबेनात.

मागे हे सांगू लागले होते, की खरं म्हणजे काल शीतगृहाच्या दारातच त्यांना वाटलं होतं... मी घसा खाकरला, आणि हे वाक्याच्या मधेच थांबले.

मी हात धुतले, खुर्ची ओढली आणि त्यांच्यासमोर बसले.

“अहो, थांबू नका,” मी म्हटलं. “अगदी पहिल्यापासून सांगा.”

“पहिल्यापासून म्हणजे बसस्टॉपपासून?”

“घरातून निघालात तिथपासून.”