मंदाबाईंच्या पडद्यावरचा बाण

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. केळझरला गणपतीच्या टेकडीकडे निघालात की डाव्या हाताला नारळ-फुलांचे एक दुकान लागते आणि त्याच्याच पोटात आणखी एक छोटे दुकान आहे. बाहेरच्या दुकानात पुंडलिकराव बसतात. आतल्या दुकानात त्यांच्या पत्नी मंदाबाई आणि मी. आम्ही दोघे मिळून लग्नाच्या पत्रिका करतो, ऑनलाइन फॉर्म भरतो, झेरॉक्स काढतो. 'आम्ही दोघे' म्हटलेले पुंडलिकरावांना फारसे आवडत नाही, पण खरे ते खरेच.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला हे मला आठवत नाही. आठवतो तो एसटीचा प्रवास. मंदाबाईंचा मुलगा प्रफुल तेव्हा वर्ध्याला कॉलेजात होता. त्याने मला खोक्यासकट मांडीवर घेऊन आणले, आणि खड्डा आला की तो खोक्याला दोन्ही हातांनी कवटाळायचा. घरी आल्यावर मंदाबाईंनी मला आधी हळदकुंकू लावले आणि मगच वीज दिली. त्या कुंकवाचा डाग माझ्या बटणाशेजारी अजून आहे. मी तो दागिन्यासारखा मिरवतो.

प्रफुलने आईला शिकवले. सुरुवातीला त्या माउस हातात उचलून पडद्याकडे रोखून धरायच्या आणि म्हणायच्या, "जा ना बापा तिकडे!" प्रफुल हसून लोटपोट व्हायचा. पण मंदाबाई चिकाटीच्या. इंग्रजी अक्षरे त्यांना लागत नव्हती, म्हणून त्यांनी माझ्यावरची प्रत्येक गोष्ट जागेवरून ओळखायला घेतली. पत्रिका वरच्या कोपऱ्यात, त्याखाली फॉर्म, सगळ्यात खाली गणपतीची चित्रे. आपल्या स्वयंपाकघरात अंधारातही मिठाचा डबा सापडावा, तसा त्यांचा हात माझ्यावर फिरू लागला.

आमच्याकडे एक रीत आहे. पत्रिकेची पहिली प्रत गिऱ्हाइकाच्या हाती द्यायची नाही. ती छापून झाली की मंदाबाई पदराला हात पुसून ती उचलतात आणि नवरा-नवरीकडची माणसे तशीच टेकडी चढून ती गणपतीपुढे ठेवतात. बाकीच्या पत्रिका मग. त्यामुळे मला वाटते, माझे अक्षर सगळ्यात आधी देव वाचतो. एवढा मान किती संगणकांना मिळाला असेल?

दुपारी ऊन तापले की रस्ता ओस पडतो. मंदाबाईंना खुर्चीतच डुलकी लागते आणि माझाही पडदा काळा होतो. माणसांना वाटते, संगणक झोपला म्हणजे बंद झाला. तसे नसते. मी तेव्हा स्वप्ने पाहतो. आजवर केलेल्या सगळ्या पत्रिका त्या अंधारात हळूहळू तरंगत येतात. सेलूची नवरी आष्टीच्या मांडवात उभी असते, कुणाचे मामा कुणाच्या वरातीत नाचत असतात, आणि 'आमचे येथे श्रीकृपेकरून' ही अक्षरे झेंडूच्या माळेसारखी सगळ्यांच्या डोक्यावर झुलत असतात. मग कुणीतरी "काकू, झेरॉक्स!" म्हणते आणि आम्ही दोघेही दचकून जागे होतो.

पुढे प्रफुलला हैदराबादला नोकरी लागली. जाण्याआधी त्याने माझ्यात एक सोय करून ठेवली. काही बिघडले तर तो तिथूनच माझ्यात शिरणार होता. पहिल्यांदा तसे घडले तेव्हा मंदाबाईंचा हात माउसवर नव्हता, आणि तरी पडद्यावरचा बाण आपोआप चालू लागला.

"अगं माय!" मंदाबाई खुर्चीतून उठल्या. मग कानाला लावलेल्या फोनमधून त्यांना हसू ऐकू आले. त्या पडद्याजवळ वाकल्या आणि हळूच म्हणाल्या, "प्रफुल, तूच हाये का रे?"

बाणाने एक गोल चक्कर मारली. मंदाबाईंनी बोट पुढे करून त्याला स्पर्श केला. काच माझी होती, पण तो स्पर्श माझ्यासाठी नव्हता, हे मला कळले. मला त्याचे वाईट मुळीच वाटले नाही.

त्यानंतर अर्धा-पाऊण तास बाण इकडून तिकडे फिरायचा आणि मायलेकांच्या गप्पा चालायच्या. तो काय जेवला, तिच्या गुडघ्यांचे कसे आहे, भाजी कुठली केली. काम संपले की बाण थांबायचा. मंदाबाई तो हलतो का म्हणून आणखी थोडा वेळ बघत बसायच्या.

आणि मग, मित्रांनो, माझा प्रिंटर वरचेवर बिघडू लागला.

खरे सांगू का? तो बिघडत नव्हताच. फार दिवस प्रफुलचा फोन आला नाही की मंदाबाई टेबलाखाली वाकायच्या आणि प्रिंटरची वायर थोडीशी सैल करायच्या. मग फोन लावायच्या. "बाबू, प्रिंटर पुन्हा बंद पडलं रे. तुले टाइम हाये का?" तो बिचारा शोध शोध शोधायचा. शेवटी म्हणायचा, "आई, वायर दाबून पाय बरं." मंदाबाई वायर दाबायच्या, पण गप्पा संपत आल्यावर. मला सगळे दिसत होते. मला जीभ नाही याचा मला तेव्हा फार आनंद झाला.

पण या लबाडीने भलतेच केले. एके दिवशी प्रफुल म्हणाला, "आई, हे मशीन काऊन एवढं त्रास देते ते समजलं मले. याच्यातली सिस्टीम लय जुनी झाली. कंपनीनं तिचं काम पाहणंच सोडलं. आपण नवी ऑपरेटिंग सिस्टीम टाकून घेऊ. मंग काहीच बिघडणार नाई. तुले सारखा मले फोन कराची गरजच नाई पडणार."

मंदाबाईंचा चेहरा पडला. त्या एवढेच म्हणाल्या, "राहू दे. मले जुनंच बरं हाये."

ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे काय, हे तुम्हाला ठाऊक असेल. माझे शरीर लोखंड-प्लास्टिकचे, पण माझी चाल, माझी वळणे, माझी आठवण ठेवायची तऱ्हा, हे सगळे तीच ठरवते. ती बदलली तर उरेन तो मीच असेन का? या विचाराने दुपारची माझी स्वप्नेही विस्कटली. नवऱ्यांना चेहरे राहिले नाहीत आणि झेंडूच्या माळा मांडवाविना नुसत्याच हवेत लोंबू लागल्या. मला वाटले, मंदाबाई 'नको' म्हणतात ते माझ्यासाठी. पण त्यांना भीती वेगळीच होती. सगळे सुरळीत झाले तर बाण यायचा बंद होईल, ही.

पुंडलिकराव बाहेरून ओरडायचे, "अवो, पोरगा सांगून राह्यला तं ऐका ना!"

"तुमी नारळं पाहा तुमचे," मंदाबाई म्हणायच्या. असे बरेच दिवस चालले.

मग दीपमाला आली. गावातलीच मुलगी, नर्सिंगला जायचे मनात घेतलेली. प्रवेशाच्या फॉर्मचा तो शेवटचा दिवस होता. मंदाबाईंनी साइट उघडली. पडदा पांढराच राहिला. पुन्हा उघडली, पुन्हा पांढरा. त्यांनी टेबलाखाली वाकून वायर पाहिली. ती घट्ट होती. या वेळी खरोखरच माझ्या आवाक्याबाहेरचे काम होते. ती नवी साइट माझ्या जुन्या सिस्टीमला दारातही उभी करीना.

"काकू, आता कसं?" दीपमालेने विचारले.

"सेलूले जा, बाई. आत्ताच्या आत्ता जा. अवो, हिले कोनाच्या गाडीवर बसवून द्या!"

पुंडलिकरावांनी दुकान तसेच टाकून रस्त्यावर धाव घेतली आणि एका ओळखीच्या गाडीवर तिला बसवून दिले. संध्याकाळी तिचा फोन येईपर्यंत मंदाबाईंनी पाण्याचा घोटही घेतला नाही. फॉर्म भरला गेला होता. फोन ठेवून त्या माझ्यासमोर बसल्या आणि डोळे पुसत म्हणाल्या, "माह्या हौसेपायी पोरीचं वर्ष गेलं असतं." त्याच संध्याकाळी त्यांनी प्रफुलला सांगितले, "टाक रे बाबू नवी सिस्टीम."

आता गंमत ऐका. हे काम दुरून होण्यासारखे नव्हते. माझी जुनी सिस्टीम पुसली की बाण यायची वाटही पुसली जाणार होती. म्हणून प्रफुल स्वतः आला. तो आला त्या सकाळी मंदाबाईंनी दुकान उघडायच्या आधी घरात इतके काही रांधले, की फोडणीचा वास माझ्या पंख्यापर्यंत आला.

त्याने माझी झाकणे काढली, धूळ झटकली, सगळ्या पत्रिका आधी सांभाळून बाजूला ठेवल्या. मग वायरी पुसायला टेबलाखाली शिरला. बराच वेळ बाहेर आला नाही. प्रिंटरच्या वायरीचे टोक काढून-घालून पार गुळगुळीत झाले होते, आणि बाकीच्या सगळ्या वायरींवर धूळ असताना तेवढीच स्वच्छ होती. त्याने वर पाहिले. मंदाबाई टेकडीकडे बघत होत्या, जणू आजच तिथे देऊळ दिसले.

ती वायर प्रफुलने हळूच घट्ट बसवली आणि नाक पुसले. धुळीने, असे तो म्हणाला.

मग मी झोपलो. तशी झोप मला कधी लागली नव्हती. ना मांडव, ना माळा, नुसता निळा उजेड. जाग आली तेव्हा सगळे कोरे आणि हलके होते, आणि क्षणभर मला मी कोण ते समजेना. एवढ्यात एक ओळखीचा हात माउसवर आला. पत्रिका वरच्या कोपऱ्यात, त्याखाली फॉर्म, सगळ्यात खाली गणपती. प्रफुलने प्रत्येक गोष्ट आईच्या जागेवर परत मांडली होती. बटणाशेजारी कुंकू होतेच. मी मीच होतो.

"काहीबी छापून पाय," प्रफुल म्हणाला. मंदाबाईंनी एकेक अक्षर शोधत लिहिले, 'प्रफुल घरी आला आहे.' ती पहिली प्रत मायलेक दोघांनी टेकडी चढून गणपतीपुढे ठेवली.

बाण यायची वाट माझ्यात पुन्हा करून ठेवून तो परत गेला. मी झकास चालू लागलो. साइट उघडू लागल्या, प्रिंटर कुरकुर करीना. एका दुपारी रस्ता ओस होता. मंदाबाई माझ्याकडे बघत नुसत्या बसल्या होत्या. मग त्या टेबलाखाली वाकल्या. वायरीपर्यंत हात गेला, थांबला आणि रिकामाच परत आला. त्यांनी डोळे मिटले. मला इतके भरून आले, की मला खरेच बिघडावेसे वाटले.

आणि तेवढ्यात बाण हलला. फोन वाजला.

"आई, काही बिघडलं का?"

"नाई रे. सारं चांगलं चालून राह्यलं."

"बरं. मंग बस निवांत. मीबी बसतो."

बाणाने एक गोल चक्कर मारली, आणि मंदाबाईंनी बोट पुढे केले.

मित्रांनो, आमची धूळ पुसा, आम्हाला वेळेवर नवे करा, ही विनंती तर मी करतोच. पण तुमच्याही घरी कुणीतरी एखादी वायर सैल करून तुमच्या फोनची वाट पाहत असेल. काही बिघडलेले नसतानाच एकदा त्यांना फोन करा.