पान अकरावरची शंका

मी एक वही बोलतेय. शाळेतली नाही, कोर्टातली. माझ्या पुठ्ठ्यावर जाड मार्करनं लिहिलंय, ‘जूरर नंबर चार’. सध्या मला सवडच सवड आहे, कारण मी एका खोक्यात पडून आहे आणि सोमवारी सकाळी आम्हाला कापायच्या यंत्रात घालणार आहेत.

माझ्या जन्मात सांगण्यासारखं फारसं काही नाही. तारेच्या वेटोळ्यात ऐंशी पानं ओवली, डझनाच्या गठ्ठ्यात बांधली आणि कॅलिफोर्नियातल्या एका कोर्टाच्या कपाटात ठेवून दिली. या देशात बारा साध्या माणसांना बोलावतात, त्यांना खटला ऐकवतात आणि आरोपी दोषी आहे की नाही ते त्यांनाच ठरवायला लावतात. ऐकताना टिपून घ्यायला प्रत्येकाला एक वही मिळते. वहीच्या जातीला यापेक्षा मानाचं काम कुठलं, असं कपाटात बसून मला वाटायचं. कपाटात बसून माणसाबद्दल काहीही वाटू शकतं.

ऑक्टोबर २००७ मध्ये मी कांचनच्या हाती पडले. मूळची नागपूरची, आता सनीव्हेलला सॉफ्टवेअर टेस्टर. दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधणं हा तिचा धंदा. अमेरिकेची नागरिक होऊन तिला जेमतेम वर्ष झालं होतं. बाकीचे अकरा जण कपाळाला आठ्या घालून आले होते, ही मात्र इस्त्रीचा कुडता घालून आली. तिनं पहिल्या पानावर तारीख घातली, समास पाडला आणि चक्क मराठीत लिहायला लागली. काय अक्षर होतं! मी हरखूनच गेले. शेजारच्या वहीत तीन दिवस नुसत्या होड्या काढल्या जात होत्या.

आरोपीचं नाव रामिरो. एका चिप कंपनीत सफाईकाम करणारा, तिशीचा. त्याच वर्षी चौदा मार्चच्या संध्याकाळी तिथल्या लॅबमधून महागड्या चिप्सचा खोका गेला. तिथला इंजिनिअर म्हणाला, ‘‘मी सातला बाहेर पडलो तेव्हा खोका होता, साडेसातला परत आलो तेव्हा नव्हता.’’ लॅबचं दार कार्डाशिवाय उघडत नाही. दारावरच्या मशीनची छापील यादी सगळ्यांना दाखवली. सात ते पावणेआठ एवढ्या वेळात एकच कार्ड लागलेलं, रामिरोचं, सात वाजून दहा मिनिटांनी. रामिरो म्हणाला, ‘‘आठपर्यंत मी दुसऱ्या कामावर होतो. लॅबमध्ये मी आठ दहाला गेलो.’’ पण त्या दुसऱ्या कामाचा मालक साक्षीला फिरकलाच नाही.

साक्ष देताना रामिरो सारखा माझ्याकडे बघायचा. कांचनकडे नाही, माझ्याकडे. तिचं पेन थांबलं की त्याचा आवाज अडखळायचा, पेन चाललं की सुटायचा. कुणीतरी आपलं म्हणणं उतरवून घेतंय, एवढाच त्या बिचाऱ्याला आधार होता.

आणि पान अकरावर कांचननं लिहिलं, ‘इंजिनिअर साडेसातला परत आला, तर त्याच्या कार्डाची नोंद या यादीत का नाही? यंदा उन्हाळ्याच्या वेळेसाठी सगळी घड्याळं अकरा मार्चलाच तासभर पुढे केली, दरवर्षीपेक्षा तीन आठवडे आधी. दाराच्या जुन्या मशीनला ते कळलंच नसेल तर? मग यादीतलं सात दहा म्हणजे खरं आठ दहा, आणि इंजिनिअरची नोंद साडेसहाची, आधीच्या पानावर. रामिरो खरं बोलतोय!’ खाली दोन रेघा मारून एकच शब्द, ‘शंका’.

एवढी माणसं, एवढे वकील, आणि हे दिसलं फक्त तिला. त्या दिवशी मला माझा किती अभिमान वाटला म्हणून सांगू!

शुक्रवारी सकाळी आम्हाला जूरीच्या खोलीत नेलं. त्याआधी जजनं बजावलं होतं, वाजवी शंका उरली तर आरोपीला सोडायचं, आणि निकाल बाराही जणांच्या एकमतानंच द्यायचा. बारा जणांचा म्होरक्या होता गॉर्डन, नुकताच निवृत्त झालेला, भलताच गोड माणूस. सगळ्यांसाठी डोनट आणायचा. कांचन हे नाव जिभेवर बसेना म्हणून तिला ‘के’ म्हणायचा. चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा दहा निघाल्या ‘दोषी’ आणि दोन ‘निर्दोष’. त्यातली एक कांचनची. दुसरी पुरुषोत्तमकाकांची; क्युपर्टिनोला राहणारे हे पुण्याचे गृहस्थ कांचनला पहिल्या दिवसापासून लेकीसारखं वागवत होते.

कांचन उभी राहिली आणि म्हणाली, ‘‘आय हॅव अ डाउट.’’

जजनं सांगितलेला शब्द हाच होता. तेवढ्यात गॉर्डन मनापासून हसला.

‘‘घाबरू नका, माझी निम्मी टीम इंडियन होती. त्यांच्याकडे डाउट म्हणजे प्रश्न! मीटिंग संपली की रोज चार-पाच डाउट असायचेच. बोल के, काय विचारायचंय तुला?’’

सगळे हसले, तेही प्रेमानं. कांचनचे कान लाल झाले. मार्चमधली घड्याळं, मशीन, ‘‘फेब्रुवारीभर ऑफिसात मी हेच टेस्ट करत होते’’ असं सगळं ती सांगायला लागली, पण आता ती शंका राहिली नव्हती, प्रश्न झाला होता, आणि प्रश्नाला उत्तर मिळालं की काम संपतं. गॉर्डननं जजला चिठ्ठी पाठवली, ‘यादीचं मागचं पुढचं पान आहे का?’ उत्तर आलं, ‘पुराव्यात जे आहे तेवढंच पाहा.’

‘‘झालं? डाउट क्लिअर्ड?’’ गॉर्डन म्हणाला.

कांचन खाली बसली. अगं, तुझा प्रश्न संपला असेल, शंका कुठे संपली? ती माझ्या पानावर तशीच होती. बाई, वाच की ती!

कॉफीच्या मशीनपाशी पुरुषोत्तमकाका तिच्याजवळ सरकले. मराठीत बोलले.

‘‘कांचन, तुझं चुकत नाहीये गं. पण मी आता गिल्टी म्हणणार आहे.’’

‘‘काका! सकाळी तर तुम्हीच...’’

‘‘सकाळचं सोड. आपण दोघंच इंडियन आणि दोघंच अडून बसलोय, कसं दिसतं ते? आणि ही क्लीनिंगवाली माणसं तुला माहीत नाहीत. आमच्याकडे एक बाई यायची, तिच्या वेळी चांदीची वाटी गेली. त्याच दिवशी कॅन्सल केलं तिला.’’

‘‘मग मिळाली वाटी?’’

‘‘मिळाली ना. आमच्याच सूटकेसमध्ये होती. पण तो मुद्दा नाही.’’

‘‘इंग्लिश प्लीज!’’ पलीकडून गॉर्डनचा आवाज आला. काकांनी लगेच ओशाळं हसून हात वर केला.

दुपारी मत घेतलं तेव्हा एकास अकरा झालं होतं. कुणी तिच्यावर ओरडलं नाही. ओरडलं असतं तर नागपूरचं पाणी दिसलं असतं! पण एकजण हळूच म्हणाली, लेकाची मॅच आहे. एकजण म्हणाला, सोमवारी पुन्हा सुट्टी काढणं अवघड आहे. कुणीतरी उरलेलं शेवटचं डोनट तिच्यापुढे सरकवलं. अकरा माणसं तिच्याकडे इतक्या समजूतदारपणे बघत होती की तिला स्वतःचीच लाज वाटायला लागली.

सव्वाचारला गॉर्डननं हात वर करायला सांगितले. कांचननं मला पान अकरावर उघडलं. मला वाटलं, आता वाचणार. तिनं डाव्या हाताचा तळवा त्या पानावर सपाट ठेवला, अक्षर दिसेनासं केलं आणि उजवा हात वर केला.

केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. गॉर्डनचं मला काही नाही, त्याच्या वहीत शंका नव्हतीच. काकांचीही मला कीव येते. पण हिला सगळं कळलं होतं हो!

कोर्टात प्रत्येकाला उभं करून विचारलं, ‘‘हा तुमचा स्वतःचा निर्णय आहे?’’ कांचन म्हणाली, ‘‘येस.’’ रामिरो तेव्हाही माझ्याकडेच बघत होता, मी तिच्या छातीशी घट्ट धरलेली. बंद.

पर्सेस घ्यायला सगळे खोलीत परतले. जाता जाता कांचननं मला उघडलं आणि शेवटचं एक वाक्य लिहिलं, ‘रामिरो, मला माफ करा.’ मग नाक पुसून मला बेलिफच्या, म्हणजे कोर्टाच्या शिपायाच्या, खोक्यात टाकलं.

कुणासाठी होती ही माफी? रामिरोला मराठी येत नाही. आणि खटला संपला की वह्या नष्ट करतात, हे तिला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. जिथून काही बाहेर जाणार नाही अशी जागा बघून बाईंनी मन हलकं केलं. माफी सव्वाचारच्या आधी मागायची असते, मोठ्यानं, आणि इतरांची मॅच चुकवल्याबद्दल मागायची असते.

वाचकहो, माझी एखादी बहीण तुमच्या हाती आली तर सुंदर अक्षर काढू नका. वाकडंतिकडं लिहा, पण लिहिलेलं वाचून दाखवा. लोक हसले तर पुन्हा वाचा.

मला कापतील याचं दुःख नाही. मघाशी बेलिफ खोकं उचलताना कुणाला तरी म्हणाला, त्या सफाईवाल्याला तीन वर्षं तरी होतील. मी गळा फाडून ओरडले. त्याच्या सुटकेचं कारण माझ्याजवळ आहे, मराठीत आहे, आणि या इमारतीत ते वाचू शकणारी दोनच माणसं होती. ती दोघंही घरी गेली.