हळदीवरचा थर

संपदानं वकील अरुणकुमारांच्या तंबाखूच्या डबीतला चुना नखावर घेतला आणि बशीतल्या हळदीत कालवला. हळद बघता बघता तांबडी झाली. तिनं बशी टेबलावरून त्यांच्यापुढे सरकवली.

“रगतच की गं हे,” वकील बशीवर वाकून म्हणाले. “माझ्याच चुन्यानं माझीच केस बुडवायलीस का?”

“बचावाच्या वकिलांचा हाच मुद्दा आहे,” संपदा म्हणाली. तिनं लिंबाची फोड पिळली. तांबडा रंग जिथे थेंब पडला तिथे पुन्हा पिवळा झाला. “कत्तीवरचा तांबडा डाग रक्ताचा नव्हताच, पूजेचा होता, असं ते म्हणणार. प्रयोगशाळेच्या तज्ज्ञानंही कोर्टात हळद आणि चुना कबूल केलाय.”

रविकुमार भिंतीकडच्या खुर्चीत पुढे सरकून बसले होते. “म्हंजे सुटतो का त्यो?”

पंखा गरम हवाच फिरवत होता.

अकरा वर्षांपूर्वी, खंडेनवमीच्या संध्याकाळी, चिंताकी गावच्या शेतात संपदाच्या वडिलांचा, प्रणेशचा, खून झाला होता. शेजारच्या शेतातल्या बसवप्रभूशी बांधावरून जुनं भांडण होतं. दोन दिवसांनी त्याच्या गोठ्यात, कडब्याखाली, रक्ताचे डाग असलेली कत्ती, कापणीचा कोयता, सापडली. त्याला जन्मठेप झाली. त्याचं अपील इतकी वर्षं पडून राहिलं आणि आता दसऱ्याच्या सुटीनंतर कलबुर्गीला हायकोर्टात सुनावणीस येणार होतं. सरकारी वकिलांच्या मदतीला म्हणून रविकुमारांनी, म्हणजे संपदाच्या काकांनी, बिदरचे अरुणकुमार नेमले होते. आणि पुतणी रसायनशास्त्रात एमएस्सी झालेली, म्हणून तिलाही सोबत आणलं होतं. तिला शिकवलं होतं ते काकांनीच. वडिलांची उणीव त्यांनी भासू दिली नव्हती असं सगळे म्हणत, आणि ते खरंही होतं.

“पण माणसाचं रक्त निघालं होतं ना?” वकिलांनी विचारलं.

“निघालं होतं. फार थोडं, मुठीजवळ. गट लागला नाही. म्हणून ते म्हणतात, कापणी करताना घरातल्याच कुणाचं बोट चिरलं असेल.”

“आन् कत्ती धुतलेली होती, त्याचं काय? पुरावा पुसला म्हणूनच तर शिक्षा झाली.”

“खंडेनवमीला सगळेच धुतात.”

“खालच्या कोर्टातल्या जज्जाच्या घरीबी धुतले असतील,” वकील हसले. काका हसले नाहीत.

संपदानं तज्ज्ञाच्या उलटतपासणीचं पान पुन्हा वाचलं. बचावाच्या वकिलानं त्याला एकच गोष्ट फिरवून फिरवून विचारली होती. तांबडा भाग हळदीचा होता की नाही? होता, तो म्हणाला होता. खालचा थर हळद व चुन्याचा होता. वकिलाला हवं ते मिळालं होतं, आणि तो खाली बसला होता.

“खालचा,” संपदा म्हणाली.

“काय?”

“तज्ज्ञ खालचा थर म्हणतोय. मग वरचा कोणता, हे कुणी विचारलंच नाही.” तिनं वकिलांची पेन्सिल उचलली आणि मुठीच्या तोंडावर बसवलेली लोखंडी कडी, साम, कागदावर काढली. “इथे आधी हळद आणि चुना. वाळलेला. रक्त त्याच्यावर. पूजा रक्तानंतर केली असती तर रक्त खाली राहिलं असतं. म्हणजे कत्ती आधी धुतली, तिची पूजा झाली, आणि मग ती वापरली. त्याच दिवशी. बोट कापणीत चिरलं म्हणावं, तर खंडेनवमीला पूजेतलं हत्यार कुणी कामाला घेत नाही.”

अरुणकुमारांनी टेबलावर थाप मारली. बशीतली हळद हलली.

“आन् पूजा त्या बसवप्रभूच्याच घरची, हे तर त्याच्या बायकोनंच सांगून ठेवलंय!” त्यांनी कागद उलटले आणि हेमावतीची साक्ष मोठ्यानं वाचली. “खंडेनवमीला आम्ही घरची सर्व हत्यारे धुऊन त्यांना हळद-चुन्याची बोटे लावतो. त्या दिवशीही लावली होती. घ्या! नवऱ्याला सोडवायला बोलली, आन् कत्ती घरची करून बसली.”

काका उठले. त्यांनी संपदाच्या डोक्यावर हात ठेवला. “प्रणेशची पोरगी हाय,” ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज खरोखरच भरून आला.

वकिलांनी बशी उचलून उजेडात धरली. “एक मात्र हाय, रविअण्णा. आमच्या घरी हत्याराला नुसतं कुंकू. हळदीत चुना कालवणारं घर मी तर पाह्यलं न्हाई.”

“गावागावचं येगळं असतंय,” काका म्हणाले. त्यांनी चहाचा कप तोंडाला लावला. कप मघाशीच रिकामा झाला होता.

“बरं. पोरी, हे सगळं मला उद्यापर्यंत लिहून दे. तुझ्या भाषेत नको, जज्जाला कळंल असं लिही.”

चिंताकी सोडल्यावर घेतलेल्या मैलूरच्या घरी परत येईपर्यंत काका बोलत होते. पोलिसांना गोठ्यापर्यंत आपण कसं नेलं, कडबा आपण कसा उपसायला लावला, हे त्यांनी पुन्हा सांगितलं. संपदानं ते लहानपणापासून ऐकलं होतं. आज तिनं गाडीची काच खाली केली आणि वाटेतली धूळ तोंडावर घेतली.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. सकाळी श्रीलक्ष्मीकाकू अंगणात पाट मांडून बसली होती. पाटावर विळी, अडकित्ता, कुदळ, खुरपी ओळीनं ठेवलेली, चिंचेनं घासून लख्ख केलेली. कडेला काकांची मोटारसायकल. आई नेहमीसारखी उंबऱ्याच्या आत बसून फुलं निवडत होती. वडील गेल्यापासून ती पूजेला बाहेर येत नसे.

काकूनं वाटीत हळद घेतली आणि तिच्यात चुना कालवला.

संपदा पायरीवर उभी राहिली. वाटी तांबडी झाली.

“काकू, कुंकू का लावत नाहीस?”

“आमच्या माहेरची रीत हाय ही. तेलंगणातली. लग्न होऊन आले तवा तुझी आजी हसायची, चिंताकीत दुसऱ्या कुणाच्यात बी न्हाई म्हणून.” काकूनं बोट बुडवून विळीच्या मुठीजवळ टिळा ओढला. “मग तिनंच करू दिलं.”

संपदा खाली बसली. तिला लहानपणची एक सकाळ आठवत होती. काकूनं अशीच वाटी देऊन तिला शेजारी बसवप्रभूच्या गोठ्यात पाठवलं होतं, त्यांच्याही नांगराला बोट लाव म्हणून. हेमावतीअक्कानं तिचा हात हळूच धरला होता. “आमच्यात न्हाई माय. गळ्यात लिंग हाय, त्याच्याबगार दुसऱ्या कशालाच हात जोडत न्हाई आमी. थांब, गूळ खाऊन जा.”

मग कोर्टात तिनं तसं का सांगितलं? कुणीतरी सांगितलं असेल, बाई, एवढं म्हण, डाग हळदीचा ठरेल, नवरा सुटेल. तिनं गळ्यातलं लिंग पदराखाली झाकून ते म्हटलं असेल. आणि तसं म्हणून परकी कत्ती आपल्याच घरची ठरवली असेल.

खून झाला त्या वर्षी पोळ्यापासून वडील आणि काका एका पंगतीला बसत नव्हते. विहिरीकडचा तुकडा कुणाचा, यावरून. तेही संपदाला आठवलं. ते कोणत्याच साक्षीत नव्हतं.

“काकू,” ती म्हणाली, “हेमावतीअक्काच्या घरी खंडेनवमी कधी करायचे का?”

काकूचं बोट कुदळीवर टेकलेलं राहिलं. बोटाखालून हळदीचा ओघळ लोखंडावर उतरला. काकूनं तो पुसला नाही.

“तू लई लहान होतीस,” ती म्हणाली. तिनं वर पाहिलं नाही. “तुला कसं आठवायलंय?”

आत फोन वाजला. काका तो घेऊन बाहेर आले, आंघोळ करून, नवं धोतर नेसून. चेहरा प्रसन्न होता.

“घे, वकीलसाहेब हायत. सांग त्यान्ला, मुद्दा तयार हाय म्हणून.”

संपदानं हात पुसून फोन घेतला. पलीकडे अरुणकुमार तंबाखू मळत असावेत. तळव्यावर तळवा घासल्याचा आवाज येत होता.

“मुद्दा तयार आहे,” ती म्हणाली. “पूजा आधीची, रक्त नंतरचं. त्यात चूक नाही.”

काकांनी समाधानानं मान डोलावली आणि पूजेसाठी मोटारसायकलीचं हँडल सरळ केलं.

“फक्त एक विचारायचं राहून गेलंय, वकीलसाहेब. तुम्हीच काल म्हणालात ते.” तिचा आवाज सपाट होता, प्रयोगाच्या नोंदी वाचताना असे तसा. “पूजा कुणाच्या घरची?”

पलीकडचा आवाज थांबला. काकांचा हात हँडलवर तसाच होता. उंबऱ्याच्या आत फुलं निवडणं थांबलं.

काकूनं कुदळ तशीच ठेवली. राहिलेल्या हत्यारांना बोट न लावता तिनं वाटीवर ताटली झाकली.