बिनमाळेची

"यातही नाही." विजयाबाईंनी बरणी खाली ठेवली आणि पुढची उजेडाकडे धरली. "नरहरीभाऊ, पावसाळाभर गांडुळं आणलीत तुम्ही, आणि एकाच्याही अंगावर पट्टा नाही. असं कसं होईल?"

नरहरी पालघरच्या कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत शिपाई. माणूस उमरोळीचा, गळ्यात तुळशीची माळ. गावच्या सप्त्यात सकाळच्या पहाऱ्याला वीणा घेऊन उभा राहणारा. बाई या भागातल्या गांडुळांच्या जातींवर प्रबंध लिहीत होत्या. ब्याऐंशीच्या पावसाच्या सुरुवातीलाच त्यांचा पाय मोडला आणि माती उकरायचं काम नरहरीकडे आलं.

"पट्टा म्हणजे माळ ना, बाई?"

"माळ?"

"गळ्याशी असते ती. फिकी, जाडसर. मी माळच म्हणतो." तो टेबल पुसत राहिला. टेबल स्वच्छच होतं. "माळवाली मी सोडून दिली. हाताला लागायची, पुन्हा मातीत ठेवायचो. माळकऱ्याला स्पिरिटात कसं बुडवू? बिनमाळेची तेवढी आणली."

बाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी नुसता चष्मा काढला.

"अहो, पट्टा वयात आल्यावर येतो. तो कितव्या कड्यापासून सुरू होतो, छिद्रं कुठे आहेत, त्यावरून तर जात ठरते. पट्टा नाही तर नाव नाही." मग आवाज उतरवून म्हणाल्या, "बिनमाळेची ती पोरं होती, नरहरीभाऊ."

नरहरीने बरण्यांकडे पाहिलं. पांढुरकी, बारीक, एकमेकांत गुंतलेली. इतके दिवस ती त्याने रोज हाताळली होती, पण आज त्याला बरणीला हात लाववेना.

"दुसरी आणतो, बाई."

"पाऊस सरला. ती आता खोल गेली असतील. बाकीची पुढच्या साली बघू. बोईसरची मात्र वेगळी वाटत होती मला, आणि त्या जागेवर तर मुरूम पडतोय म्हणे."

दुसऱ्या दिवशी नरहरी कुदळी घेऊन बोईसरला गेला. कारखान्यांच्या कुंपणाला लागून नवसीचा जमिनीचा तुकडा होता; पावसाळ्यात तो तिथेच खणायला यायचा. निम्म्या तुकड्यावर कारखान्याच्या भरावाचा तांबडा मुरूम पसरला होता. उरलेल्या निम्म्यात तिची झोपडी आणि मोरीकाठचं अळू. नवसी गाठोडं बांधत होती.

"पुना आलास, माळकरी?"

"गांडूळ पाहिजे. माळवालं."

"पावसात तर पाया पडून सोडत होतास."

"बाईंना त्याची जात लावायची हाय."

नवसी गाठ मारायची थांबली. "आमची जात इचारून दमली मानसं, आता गांडुळाची? बरं, अळवाखाली खण. माझी मोरी हाय तवर तेथ वल हाय."

"तू कुठं निघालीस?"

"मासवनला, भावाकडं. मुरूम काय डोक्यावर वतून घेऊ?"

पातं लागू नये म्हणून त्याने कुदळी टाकली आणि हाताने खणलं. बऱ्याच खाली एक सापडलं, स्वतःभोवतीच गुंडाळलेलं. तळहातावर घेतलं तसं ते सुटलं आणि त्याच्या बोटाला वळसा घालू लागलं. गळ्याशी माळ होती. मुंगीतही तोच देव आहे, असं गावचे कीर्तनकार तात्या सांगत आणि नरहरी मान डोलवत असे. मग माती उकरताना आपण त्याला फक्त माळेतच कसा पाहिला, हे त्याला समजेना.

प्रयोगशाळेत बाईंनी स्पिरिटची बशी पुढे ओढली. "मी टाकते. तुम्ही बाहेर थांबा."

"नको, बाई. पोरं मीच टाकली."

त्याने गळ्यातली माळ काढली, डोळ्यांना लावली आणि दाराशी बाईंचा पांढरा कोट असे त्या खुंटीला अडकवली. मग गांडूळ अलगद बशीत सोडलं. ते शांत होईपर्यंत त्याने नजर काढली नाही.

बाई भिंगावर वाकल्या. "छिद्रं दिसताहेत. लागेल हो आता जात."

"बरं झालं," नरहरी म्हणाला. संध्याकाळी घरी जाताना तो खुंटीजवळ थांबला, पण हात वर गेला नाही.

सप्त्याच्या पहिल्या सकाळी त्याची पाळी आली तेव्हा वीणा तात्यांच्या हातात होती. नरहरीला माळ त्यांनीच घातलेली.

"गळा मोकळा का रे?"

"माझ्याऐवजी वीणा प्रतापला द्या, तात्या."

"विसरलास का कुठं?"

"नाय. माझ्या हातून पोरं मेली. माळ बघून जीव वाचवत होतो मी."

तात्यांना सगळं कळलं नसावं. त्यांनी वीणा लगेच प्रतापला दिली नाही. ती उराशी धरून ते क्षणभर नरहरीकडे पाहत राहिले. मग वीणा प्रतापकडे गेली आणि नामाचा गजर उठला. नरहरीचा हात गळ्याकडे गेला, सदऱ्याच्या कॉलरशी थबकला आणि खाली आला.

तो अंगणात आला. पाय धुवायच्या नळाखालच्या फरशीवर एक बारीक गांडूळ उन्हात आलं होतं. बिनमाळेचं. त्याने ते ओंजळीत घेतलं, तुळशी वृंदावनातल्या ओल्या मातीवर ठेवलं, आणि ते पुरतं आत जाईपर्यंत, वीणेकरी उभा राहतो तसा, ताठ उभा राहिला.